तळ्याकाठच्या जागा आणि दोन अर्ज

म्हैसूरहून हुणसूरला जाताना, हूटगळ्ळीच्या बरंच पुढे, रस्त्यापासून थोडं आत एक तळं आहे. थंडीत तिथे लांबलांबून पक्षी उतरतात. ते बघायला शाळांच्या सहली येतात, कोडगूला निघालेल्या टुरिस्ट बसगाड्या अर्धा तास थांबतात. त्या तळ्यापासून मैलभरावरच्या गावात मी चौदा वर्षं शिक्षिका होते. सहावी-सातवीला कन्नड आणि इंग्रजी शिकवायचे. राहायला मात्र म्हैसुरात, नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानामागे दोन खोल्यांत. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने परत.

आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. घरात मराठी बोलायची, पण अशी मराठी की पुण्याहून आलेला पाहुणा दर दुसऱ्या वाक्याला अर्थ विचारायचा. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन असायचं, आणि भजन झाल्यावर प्रसाद खाता खाता गप्पा. त्या गप्पांतूनच घरांची सोसायटी निघाली. शिंपी होते, कापडवाले होते, मास्तर होते, दोन-तीन कारकून. बहुतेक सगळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अध्यक्ष झाले. त्यांनी तळ्यालगतच्या तीन शेतकऱ्यांशी बोलणी केली आणि जमीन ठरवली. माझी शाळा जवळ, म्हणून मला तर ती जागा देवानेच दाखवली असं वाटलं.

चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या तेव्हा आम्हाला तळ्याकडच्या रांगेतली आली. रविवारी आम्ही चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, बांधून घेऊन गेलो. नंबर रंगवलेले दगड नुकतेच पुरले होते. ह्यांनी खिशातून शिलाईची टेप काढली. पाच फुटी टेप, सहा वेळा आडवी आणि आठ वेळा उभी लावून त्यांनी सगळी जागा मोजली. मग म्हणाले, "तीस बाय चाळीस, बरोबर आहे. इथे मशीन ठेवायचं, खिडकीशी. उजेड चांगला आहे, अल्वा? हो ना?" मी म्हटलं, होय. त्यांना इतकं बोलताना मी फारसं ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा दगड नव्हते. सगळे उपटून तळ्यात टाकले होते.

कोणी टाकले हे विचारायची गरज नव्हती. आमच्या जागांमधून एक पायवाट जात होती. गावातून निघून ती तळ्याच्या बांधावर जाई, आणि बांधाच्या टोकाला, जिथे बस थांबतात, तिथे दहा-बारा बायका शेगड्या मांडून बसत. भाजलेली कणसं, उकडलेल्या शेंगा, मीठ-तिखट लावलेल्या कैऱ्या. सोसायटीच्या नकाशात त्या वाटेवर भिंत होती आणि बायका बसत तिथे आमचं फाटक. अध्यक्षांचं म्हणणं होतं, टुरिस्ट लोक आपल्या अंगणातून फिरायला लागले तर घर कसलं, जत्राच ती. आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. वाट बंद झाली तर त्या बायकांनी डोक्यावर टोपल्या घेऊन किती लांबून वळसा घालून यायचं, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नाही. मी त्या वाटेने शेकडो वेळा गेले होते, पण मीही तो काढला नाही.

दगड पुन्हा पुरले, पुन्हा उपटले गेले. तिसऱ्या वेळी आमचे आठ-दहा पुरुष राखणीला थांबले आणि भरदुपारी तळ्यात टुरिस्टांना फिरवणारे नावाडी आणि गावातली पोरं यांच्याशी त्यांची जुंपली. हे मधे पडायला गेले. घरी आले तेव्हा शर्टाची कॉलर फाटून खांद्यावर लोंबत होती. त्यांनी शर्ट काढला, कॉलर उसवली, उलटी करून पुन्हा शिवली. शेवटी दोरा तोडताना म्हणाले, "ज्याने कॉलर धरली तो दिवाळीला माझ्याकडेच कपडे शिवतो."

या भांडणात तिसरा पक्षही होता. म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमला राहणारे एक निवृत्त प्राध्यापक दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून स्कूटरवरून येत. त्यांच्याबरोबर तसेच चार-पाच जण असत. त्यांना आमची घरं नको होती, कारण दिवे आणि आवाज यांनी पक्षी जातील. त्यांना शेगड्यांचा धूरही नको होता. बायकांच्या समोरून जाताना ते नाकाला रुमाल लावत. एकदा मी जागेवर उभी असताना ते माझ्याजवळ आले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही इथल्या शाळेत शिकवता ना? मुलांना काय शिकवणार तुम्ही?" मी उलट विचारलं, "तुमचं जयलक्ष्मीपुरमचं घर बांधलं तेव्हा तिथे पक्षी नव्हते का?" ते पुढे माझ्याशी बोलले नाहीत.

प्रकरण तालुका कचेरीत गेलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं कन्नड चांगलं. अर्ज तुम्हीच लिहा." त्यांनी मुद्दे सांगितले, मी वाक्यं केली. तळ्याकाठी बसणाऱ्या विक्रेत्यांमुळे परिसर घाण होतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मी लिहिलं, 'बेकायदा बसणाऱ्या'. तो शब्द माझा. वाक्याला जोर येतो म्हणून घातला. अध्यक्ष वाचून खूश झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की वकिलालाही असं सुचलं नसतं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत कणसं विकणारी एक बाई शाळेत आली. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचे. तिची मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात होती. पावसाळ्यात बस चुकली की मी अक्काच्या शेगडीपाशी उभी राहायचे, आणि ती मला कणीस द्यायची. अक्काने पदराखालून कोरे कागद काढले, चार-पाच, घडी न पडलेले.

"मिस, आमचा पण एक अर्ज पाहिजे," ती कन्नडात म्हणाली. "कचेरीत सांगतात, तोंडी चालत नाही. तुम्ही लिहा, आम्ही अंगठे देतो."

"अक्का, मी कशी लिहू? त्या सोसायटीत माझी जागा आहे."

"माहीत आहे."

"मग दोन्हीकडून मीच लिहायचं का?"

"तुमचं तुम्ही लिहिलंत. आमचं आम्ही सांगू तसं लिहा. तुमच्या मनातलं काही घालू नका, एवढंच."

स्टाफरूममध्ये आणखी दोन शिक्षक बसले होते. दोघेही ऐकत होते. मला राग आला. तो तिचा होता की त्या दोघांचा, ते आज सांगता येत नाही. मी म्हटलं, "हे शाळेत आणायचं नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

"दुसरं कोण आहे?" तिने विचारलं. मी वह्या पुढे ओढल्या. "सरी," बरं, एवढं म्हणून ती निघून गेली. कागद तिने हातातच धरले होते.

त्यानंतर शाळेतून सुटल्यावर बसस्टॉपवर मला कोणी जागा देईना. दुकानदार सुटे नाहीत म्हणायचा. वर्गात फळ्यावर कोणीतरी माझं चित्र काढलं, हातात विळा घेऊन पक्ष्याची मान कापताना. मी ते पुसलं नाही, त्याच्यावरच धडा लिहिला. अक्काची मुलगी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

सुनावणीच्या पंधरा दिवस आधी दुसऱ्या बाजूचे अर्ज आमच्याकडे आले. अध्यक्षांच्या घरी बैठक होती. एक अर्ज प्राध्यापकांच्या मंडळाचा, एक बायकांचा. बायकांचा अर्जही इंग्रजीत, प्राध्यापकांच्याच टाइपरायटरवर टाइप केलेला, आणि खाली बारा अंगठे. अध्यक्षांनी तो मला मोठ्याने वाचायला सांगितला. बरीचशी वाक्यं पक्ष्यांबद्दल होती. शेवटच्या परिच्छेदात मी अडखळले. लिहिलं होतं, घरांची परवानगी नाकारली गेल्यास आम्ही खाली सही करणारे सर्व विक्रेते तळ्याच्या परिसरातून स्वेच्छेने आपला व्यवसाय कायमचा हलवू.

"हे त्यांना माहीत नाही," मी म्हटलं.

"नसेलच," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून तर चांगलं आहे. आत्ता बोलायचं नाही. सुनावणीत काढू. तिथल्या तिथे त्यांच्यात भांडण लागेल."

"त्यांना कोणीतरी सांगायला हवं."

अध्यक्षांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "का? त्यांनी तुमच्या ह्यांची कॉलर फाडली तेव्हा कोणी सांगायला आलं होतं?" सगळे हसले. हे हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत.

मी अर्जाची नक्कल घरी आणली, आमच्या कागदपत्रांत ठेवायला म्हणून. चार दिवस ती माझ्या पिशवीत होती. रविवारी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी तळ्यावर जाऊन येते." ते मशीनवर होते. पाय थांबवून म्हणाले, "कोणी बघितलं तर?" मी म्हटलं, "बघू दे." ते म्हणाले, "तुला जायचं तर जा. मला विचारून गेलीस असं म्हणू नकोस." आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

अक्का शेगडीपाशी होती, मुलगी पंखा हलवत होती. मला बघून शेजारच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी कागद काढला आणि शेवटचा परिच्छेद कन्नडात सांगितला. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं नाही लिहिलेलं. ते सर म्हणाले, शेगड्या जरा बाजूला घ्याव्या लागतील, धूर पाण्यावर जातो. जरा बाजूला."

"जरा नाही, अक्का. कायमचं लिहिलंय."

"तुमच्या लोकांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. त्यांना कळलं तर ते मला सोडणार नाहीत."

शेजारची बाई म्हणाली, "फोडायला आल्यात. सुनावणी जवळ आली म्हणून."

अक्काने माझ्या हातातून कागद घेतला आणि मुलीपुढे धरला. "वाच. मिस शिकवतात ना तुला."

मुलीने पंखा खाली ठेवला. तळहात परकराला पुसून कागद धरला. 'वी', 'द', एवढं तिने वाचलं. पुढच्या शब्दावर बोट ठेवून ती थांबली. दोन वर्षं मीच तिला इंग्रजी शिकवत होते. गाय, माझी शाळा, आजारपणाच्या रजेचा अर्ज, एवढं ते इंग्रजी होतं. तिने तीनदा प्रयत्न केला. मग आईकडे बघून म्हणाली, "मला येत नाही."

"ह्या म्हणतात तसं आहे का, एवढं सांग."

"मला माहीत नाही."

अक्काने कागद परत दिला. "त्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही लिहून दिलं असतं तर आज मला हे कोणाकडून वाचून घ्यावं लागलं नसतं. जा आता. टुरिस्ट यायची वेळ झाली." मी हलले नाही, तेव्हा शेजारच्या बाईने कणसाच्या सालांची टोपली माझ्या पायाशी उलटी केली. मी परत आले. बस येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

सुनावणी कचेरीच्या लांबट खोलीत झाली. कचेरीतले साहेब मधे, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला प्राध्यापक आणि त्यांची माणसं, आणि मागे भिंतीला टेकून बायका. खुर्च्या संपल्या होत्या. प्राध्यापक पाऊण तास पक्ष्यांवर बोलले. मग अध्यक्ष उठले आणि बायकांच्या अर्जातला शेवटचा परिच्छेद आधी इंग्रजीत आणि मग सावकाश कन्नडात त्यांनी वाचून दाखवला. वाचताना ते माझ्याकडे बघून किंचित हसले.

मागून गलका झाला. एक बाई प्राध्यापकांच्या अंगावर धावली, शिपायाने तिला धरलं. प्राध्यापक उभे राहून सांगत होते, "मी त्यांना समजावलं होतं. बांधावरून हलावं लागेल, हे मी स्पष्ट सांगितलं होतं." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनी हळू आवाजात, चांगल्या पुस्तकी कन्नडात काहीतरी सांगितलं असणार, आणि त्यांना ते पुरेसं वाटलं असणार.

साहेबांनी अक्काला पुढे बोलावलं. "हा अंगठा तुझा?"

"अंगठा माझा. लिहिलेलं माझं नाही."

"वाचून घेतलं नाहीस?"

अक्का वळली आणि तिने माझ्याकडे हात केला. "त्या मिस आल्या होत्या सांगायला, आमच्या शेगडीवर. असं लिहिलंय म्हणाल्या. मी त्यांनाच खोटं ठरवलं."

आमच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्ष खाली बसले. त्यांनी कागद नीट लावले, फाइलची नाडी बांधली आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "बाई, जागा तुमचीही होती." मग त्यांनी खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

महिन्याभराने निकाल लागला. वाट जुनी, बांध सरकारी, म्हणून घरांना परवानगी नाकारली. आणि विक्रेत्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे त्यांनी परिसर सोडावा, असंही त्यात होतं. तो अर्ज आम्हाला समजावून दिलेला नाही, असं बायकांनी पुन्हा लिहून कळवलं. यावेळी ते मी लिहिलं. अक्का आली नव्हती, दुसरी एक आली होती, आणि तिने सांगितलं तसंच, एकही शब्द न घालता, मी लिहून दिलं. उपयोग झाला नाही. शेगड्या उचलल्या गेल्या. बांधाला तारेचं कुंपण आलं, तिकिटाची खिडकी आली. प्राध्यापकांनाही तिकीट काढावं लागायचं, असं ऐकलं. पुढे ते यायचे बंद झाले.

सोसायटीत कोणी मला काढून टाकलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. एकादशीला मी देवळात सतरंजीवर बसले की दोन्हीकडच्या बायका पदर आवरून सरकायच्या. अध्यक्षांच्या पत्नी प्रसाद वाटताना मला शेवटी द्यायच्या, आणि तोही वाटी उंच धरून. ह्यांच्याकडचे ब्लाउज दुसऱ्या शिंप्यांकडे गेले. एका संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं." ते काज करत होते. म्हणाले, "त्या दिवशी अध्यक्षांकडे सगळे हसले तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही, म्हणून तुला एकटीला जावं लागलं." सुई पुन्हा घालून म्हणाले, "आयतु, झालं ते, सोड आता." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःची चूक एवढ्या स्पष्ट शब्दांत कधी कबूल केली नव्हती. त्या दिवसांत मला तेवढ्याचाच आधार होता.

वर्ष संपायच्या आधी अक्का मुलीचा दाखला न्यायला आली. त्या दोघी हुणसूरला अक्काच्या भावाकडे चालल्या होत्या, तंबाखूच्या कोठारात काम मिळणार होतं. हेडमास्तरांनी फॉर्म माझ्याकडे दिला, कारण मी वर्गशिक्षिका. नाव, जन्मतारीख, हजेरी, सगळं लिहिलं. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यापाशी मी थांबले.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे ते लिहा," अक्का म्हणाली.

मी 'स्थलांतर' लिहिलं. तिने मुलीला ते वाचायला लावलं. कन्नड होतं, मुलीने एका दमात वाचलं. अक्काने दाखला घेतला, पदराखाली ठेवला आणि दोघी फाटकातून बाहेर गेल्या. मुलगी वळून बघेल असं मला वाटलं होतं. ती वळली नाही.

सोसायटीला पुढे हूटगळ्ळीत जमीन मिळाली. आम्हालाही जागा आली, रांगेच्या टोकाला. घर बांधलं, मशीन खिडकीशी ठेवलं. वास्तुशांतीला मी सगळ्या घरी जाऊन बोलावणं केलं, अध्यक्षांकडेही. तीन घरची माणसं आली. पन्नास जणांचा स्वयंपाक झाला होता. उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यांत भरून मी बसने शाळेत नेलं आणि मुलांना वाढलं. मुलं जेवली. मुलं जेवायची थांबत नाहीत.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत. त्यांची मुलं मला बघून नमस्कार करतात, त्यांना काही ठाऊक नाही. अक्का हुणसूरच्या बसस्टँडबाहेर कणसं विकते, असं मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं होतं. हुणसूर इथून तासाभरावर आहे. गाडी दर पंधरा मिनिटांनी आमच्या नाक्यावरून जाते. जाऊन मी तिला काय सांगणार होते, हे मला ठरवता आलं नाही, आणि मी गेले नाही.